वादळाच्या बाहेर उभं राहून: वीज, उधाण आणि पावसाळी आभाळाचे फोटो

वळवाचा पहिला पाऊस आला की कॅमेरा घेऊन गच्चीवर धावायचं, भिजत भिजत साठ-सत्तर फोटो काढायचे आणि रात्री ते बघून हिरमुसायचं, हे मी दोन उन्हाळे इमानेइतबारे केलं. प्रत्येक फोटोत तेच. वर राखाडी, खाली राखाडी, मध्ये शेजारच्यांची पाण्याची टाकी.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात सासवडहून पुण्याला येताना दिवे घाटाच्या माथ्यावर चहाला थांबलो होतो. आमच्या अंगावर थेंब नव्हता. समोर दूर, वाघोलीच्या अंगाला मात्र एकच ढग उभा होता. माथा उन्हात केशरी आणि लोहाराच्या ऐरणीसारखा पसरट, पोट काळंनिळं. खालून पावसाचा पडदा तिरपा लोंबत होता आणि मिनिटातून दोन-तीनदा, आत कुणी ट्यूब लावावी तसा ढग उजळत होता. कॅमेरा घरी होता. साध्या मोबाइलवर घेतलेला तो फोटो आजही माझ्या भिंतीवर आहे, आणि गच्चीवरच्या दोन वर्षांतला एकही नाही.

म्हणून नवख्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो: पावसात शिरलात की ढग दिसत नाही. वादळाला आकार असतो, पण तो बाहेरूनच कळतो. पंधरा ते तीस किलोमीटरवरून ऐरण, पोट, पडदा आणि वीज असं सगळं एका चौकटीत मावतं. जीव सुरक्षित राहतो तेही याच अंतरावर, हे आपलं नशीब. कॅमेरा कुठला घ्यावा या प्रश्नाला म्हणूनच मी उत्तर देत नाही. हातात आहे तो घ्या आणि लांब उभे राहा.

महिना बघून विषय ठरवा

शिकायला सगळ्यात चांगला तो एप्रिल-मेमधला वळीव. सकाळपासून जमीन तापते. दुपारी दोनच्या सुमारास क्षितिजावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग डोकं काढतात. त्यातला एखादा वाढत वाढत बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो, वर जाऊन अडला की आडवा पसरतो (तीच ती ऐरण) आणि पाच-सहाच्या सुमारास कोसळतो. म्हणजे कचेरीतून सुटायची वेळ, मावळतीचा तिरपा प्रकाश आणि ढग, तिन्ही एकदम. देशावरची माळरानं, सोलापूर-धाराशिवकडचा उघडा मुलूख, विदर्भातली सपाटी या कामाला उत्तम, कारण क्षितिज मोकळं मिळतं. मुंबईत इमारतींच्या फटीतून आभाळ शोधत बसावं लागतं.

जुलै-ऑगस्टमध्ये विजेच्या मागे जाऊ नका. ऐन पावसाळ्यात ढग बुटके, थराचे, पांघरुणासारखे असतात आणि गडगडाट अगदी कमी. तो काळ घाटांचा आणि समुद्राचा. सप्टेंबरअखेर परतीचा पाऊस सुरू झाला की विजा पुन्हा येतात. ऑक्टोबरातल्या संध्याकाळी कोकणच्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून बसलं, तर सह्याद्रीच्या माथ्यावर चमचम सुरू झालेली दिसते. सगळे पर्यटक तेव्हा सूर्यास्त टिपत असतात.

घर सोडण्याआधीचा अर्धा तास

सकाळी हवामान विभागाचा जिल्हावार इशारा बघायचा. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे चार रंग. माझा स्वतःचा हिशेब सरळ आहे. पिवळा असेल तर मी निघतो. नारिंगी असेल तर खिडकीतून किंवा पक्क्या छपराखालून जे मिळेल ते. लाल असेल तर कॅमेरा बॅगेत आणि मी घरात.

दुपारनंतर खरा उपयोग रडारचा. विभागाच्या संकेतस्थळावर मुंबई, गोवा, सोलापूर, नागपूर अशा ठिकाणच्या रडारची चित्रं मोफत दिसतात आणि थोड्या थोड्या वेळाने बदलतात. नवखा माणूस एकच चित्र बघतो आणि लाल ठिपका दिसला की गाडी काढतो. तसं करू नका. लागोपाठची तीन चित्रं बघा. ठिपका कुठल्या दिशेने सरकतोय, वाढतोय की विरतोय, हे तिसऱ्या चित्रात कळतं. बाजूच्या रंगपट्टीवर डीबीझेडचे, म्हणजे ढगातून रडारकडे परत येणाऱ्या लहरींच्या जोराचे, आकडे असतात. वीस-तीस म्हणजे साधी सर, पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे जोरदार पाऊस, आणि पंचावन्नच्या वर गेलं की गारांची शंका घ्यावी. मग नकाशावर ढगाच्या वाटेच्या एका बाजूला वीस किलोमीटरवर बोट ठेवायचं. तिथे जायचं. ढगाच्या वाटेत जायचं नाही, आणि पाठीमागून त्याचा पाठलाग तर अजिबात नाही, कारण तुमच्या गाडीला वळणदार रस्ता लागतो, ढगाला लागत नाही.

विजेसाठी ‘दामिनी’ हे मोफत अ‍ॅप मोबाइलमध्ये असलंच पाहिजे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आपण जिला आयआयटीएम म्हणतो) ते तयार केलं आहे. गेल्या काही मिनिटांत तुमच्या आसपास वीज कुठे पडली ते नकाशावर दिसतं. मी ते दोन कारणांनी बघतो: ढग जिवंत आहे का, आणि माझ्याकडे येतोय का.

जागा मात्र कोरड्या दिवशी जाऊन हेरून ठेवायची. दोनच अटी. एका बाजूचं क्षितिज मोकळं हवं आणि दहा पावलांवर बंद गाडी किंवा पक्कं घर हवं. त्यात एखादं ओळखीचं काहीतरी पुढे असेल तर सोन्याहून पिवळं: देवळाचं शिखर, एकटी बाभूळ, धरणाची भिंत, विजेच्या तारांचे मनोरे. नुसत्या ढगाच्या फोटोत तो केवढा होता हे कळत नाही. खाली देऊळ आलं की कळतं. किल्ल्याचा माथा, उघडा सडा (कातळाचं पठार), तळ्याचा काठ या जागा दिसायला कितीही सुंदर असल्या तरी विजेच्या दिवशी बाद.

आणखी एक. संध्याकाळी ढग पूर्वेला आणि सूर्य पश्चिमेला असेल तर थांबा. पाऊस पुढे सरकला की इंद्रधनुष्य पडायची दाट शक्यता असते. सूर्य क्षितिजापासून बेचाळीस अंशांच्या खाली हवा, त्यामुळे भर दुपारी आशा धरू नये. पोलरायझर फिल्टर (लेन्सवर लावून फिरवायची, चकाकी कमी करणारी काच) लावलेला असेल तर तो फिरवून बघा. एका बाजूला धनुष्य गडद होतं, दुसऱ्या बाजूला चक्क गायब होतं. माझं एकदा झालं होतं आणि मी पाच मिनिटं आभाळाला दोष देत होतो.

वीज, पायरी पायरीने

आधी तुमचा जीव. वीज चमकली की मोजायला लागा: एक, दोन, तीन. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तिथे छंद संपला, गाडीत बसायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पाऊस तुमच्यावर नसला तरी वीज पडू शकते, ती पावसाच्या बरीच पुढे झेप घेते. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडखाली नाही, तारेच्या कुंपणाजवळ नाही. दुचाकी म्हणजे आसरा नव्हे. धातूच्या टपाची, काचा बंद केलेली चारचाकी चालते. रात्री दहा-पंधरा किलोमीटरवर ट्रायपॉड लावून उभं राहण्यापेक्षा मी पंचवीस-तीस किलोमीटरवरची वीज पसंत करतो. फोटोत ती पूर्ण मावते, वरपासून खालपर्यंत.

१. उजेड असतानाच पोहोचा आणि चौकट ठरवा. दोन तृतीयांश आभाळ, खाली जमिनीची पट्टी. लेन्स २४ ते ३५ मिलिमीटरच्या आसपास असलेली बरी.

२. फोकस हाताने करा. दूरच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा किंवा गावातला एखादा दिवा पडद्यावर मोठा करून बघा, तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरवा आणि वर चिकटपट्टी लावून टाका. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, बऱ्याच लेन्सवर ती थोडी चुकलेली असते.

३. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरून घेणारी सोय) बंद.

४. मॅन्युअल मोड. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) १०० किंवा २००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/८, शटर १५ ते २० सेकंद. सुरुवात इथून.

५. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा. ते चालू असेल तर वीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी वीस सेकंद डोळे मिटून बसतो, आणि नेमकी तेव्हाच वीज पडते. हा अनुभव एकदा सगळ्यांनी घेतलेला असतो.

६. कॅमेरा सलग फोटोंच्या मोडवर ठेवा आणि केबल रिलीज (वायरने जोडायचं बटण) लावून शटर अडकवून ठेवा, म्हणजे एकामागून एक फोटो निघत राहतील. केबल नसेल तर कॅमेऱ्यातल्या इंटरव्हल टायमरवर काम भागतं. वीज बघून बटण दाबायचा प्रयत्न करू नका, तेवढा वेग माणसाच्या बोटात नाही.

७. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा.

चौथ्या पायरीतले आकडे पाठ करून उपयोग नाही, ते का आहेत हे कळलं पाहिजे. वीज दिसते सेकंदाच्या छोट्याशा अंशात. शटर पाच सेकंद उघडं असो की पंचवीस, विजेची रेघ तेवढीच उजळ येते. तिला ताब्यात ठेवतात अ‍ॅपर्चर आणि आयएसओ. शटर ताब्यात ठेवतं ते बाकीच्याला: गावाचे दिवे, ढगाची पार्श्वभूमी, रस्त्यावरच्या गाड्या. तेव्हा वीज पांढरी फटक होऊन जाड दिसत असेल तर अ‍ॅपर्चर एफ/११ करा. वीज बारीक, फिकी असेल तर एफ/५.६ करा नाहीतर आयएसओ ४०० वर न्या. आणि शहराचा उजेड आभाळाला नारिंगी करत असेल तर शटर आठ-दहा सेकंदांवर आणा. एवढं डोक्यात बसलं की कुठल्याही रात्री स्वतःचे आकडे स्वतः काढता येतात.

सगळ्यात अवघड भाग धीराचा. डावीकडे वीज पडली की माणूस कॅमेरा डावीकडे वळवतो, मग उजवीकडे पडते. एक जिवंत ढग निवडा आणि वीस मिनिटं त्याला सोडू नका.

दिवसा वीज टिपणं हा वेगळाच त्रास आहे, कारण वीस सेकंद शटर उघडं ठेवता येत नाही. पोलरायझर किंवा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावून, एफ/१६ वर, पाव सेकंदाचे फोटो सतत घेत राहायचे. लाइटनिंग ट्रिगर नावाचं उपकरण मिळतं. ते चमक ओळखून कॅमेरा चालवतं, आणि एकाच विजेत पाठोपाठ अनेक लोळ असतात म्हणून पुढचा तरी हाती लागतो. पहिल्या वर्षी ते विकत घेऊ नका. मोबाइल ट्रायपॉडवर लावून ४के व्हिडिओ चालू ठेवा आणि घरी येऊन त्यातली चौकट काढा. ती साधारण आठ मेगापिक्सेलची मिळते, मध्यम आकाराच्या प्रिंटला भरपूर झाली. रात्रीसाठी काही फोनच्या प्रो मोडमध्ये दहा-वीस सेकंदांचं शटर असतं, तेव्हा आधी आपल्या फोनमध्ये काय आहे ते धुंडाळा.

ट्रायपॉड गाडीत मावत नाही, तेव्हा माझा जुना मित्र म्हणजे राजम्याची पिशवी. जुन्या जीन्सचा एक पाय कापून, त्यात किलोभर राजमा भरून दोन्ही टोकं शिवली आहेत. थोडी खाली केलेली काच, तिच्यावर पिशवी, पिशवीवर कॅमेरा. अर्थात हेही ढग लांब असेपर्यंतच. गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला की काच वर.

दहा फोटोंतल्या दहा विजा एकावर एक चढवून एक फोटो बनवतात. मलाही ते करायला आवडतं. फक्त खाली तसं लिहावं. एका क्षणात दहा विजा पडल्या असं लोकांना वाटू देणं मला पटत नाही.

उधाणाचा समुद्र

विजेला निदान अंतर मोजता येतं. लाटेचं तसं नाही. इथे माणसं फसतात.

समुद्राचे फोटो काढायचे तर पंचांग आणि भरतीचं वेळापत्रक दोन्ही बघावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास. पुढची भरती साडेबारा तासांनी, आणि रोज पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं पुढे. हा अंदाज आहे. कामाला छापील वेळापत्रकच वापरा, पण चहा पिताना बोटांवर मोजायला हे फार सोयीचं. मुंबईत महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते, ती जपून ठेवा.

नुसत्या भरतीने मोठ्या लाटा येत नाहीत. भरती पाण्याची पातळी वाढवते, लाट वारा आणतो, आणि तो वारा हजारो किलोमीटर दूर वाहून गेलेला असू शकतो. त्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचे उंच लाटांचे इशारे बघायचे. त्यात लाटेच्या उंचीसोबत दोन लाटांमधला वेळ दिलेला असतो. उंचीपेक्षा मी तो आधी बघतो. सहा-सात सेकंदांच्या लाटा खवळलेल्या दिसतात, पण चौदा-पंधरा सेकंदांच्या लाटा शांतपणे येऊन खडकावर जे काही करतात, त्याला तोड नाही. म्हणूनच आभाळ स्वच्छ असतानाही किनाऱ्यावर धोका असू शकतो.

मालवणला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी खडकावर ट्रायपॉड मांडत होतो. जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी मान वर न करता विचारलं, “ओली खडपां दिसतत मां? थंयसर लाट येता.” माझा ट्रायपॉड ओल्या खडकावर होता. गेली दहा मिनिटं तिथे एकही लाट आली नव्हती, म्हणून मला तो सुरक्षित वाटला होता. मी सामान उचलून वर आलो आणि सात-आठ मिनिटांनी एक लाट त्या जागेवरून आरामात फिरून गेली. मोठ्या लाटा तीन-चारच्या गटाने येतात आणि दोन गटांमध्ये बराच वेळ जातो. तेव्हा पोहोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा बाहेरच काढायचा नाही. नुसतं बघायचं. पाणी कुठपर्यंत येतं, खडकाचा रंग कुठे बदलतो, परत जाताना पाणी कुठून ओढ घेतं. मग सगळ्यात वरच्या ओल्या रेषेच्याही बऱ्याच वर, कोरड्या जागी जायचं.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीच्या वेळी जाऊ नये ते याच कारणाने. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर (लाटा अडवायला टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर) उतरणं तर निव्वळ मूर्खपणा. फोटोसाठीही ती जागा वाईट, कारण तिथून लाट दिसते, शहर दिसत नाही. उलट रस्त्याच्या पलीकडून, ७०-२०० मिलिमीटरच्या लेन्सने बघा: कठड्यावरून उसळलेलं पाणी, मागे इमारतींची रांग, पुढे छत्री उलटी झालेला माणूस. लांब लेन्स मागचं पुढचं जवळ आणते आणि लाट आहे त्याहून उंच दिसते. मुरूडजवळ राजपुरीच्या काठावरून जंजिरा, मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग, हेही असेच. पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात. बरंच आहे. किल्ल्यात उभं राहून किल्ल्यावर फुटणारी लाट टिपता येत नाही.

आकडे थोडक्यात. उसळलेल्या पाण्याचा थेंब न् थेंब हवा असेल तर शटर १/१००० किंवा त्याहून जलद, आयएसओ आपोआप वाढू द्या. लाटेला ओघ दिसायला हवा असेल तर १/४ ते १ सेकंद, आणि ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून. मधला १/६० मला कधीच कामाचा वाटला नाही. त्यात पाणी हललेलं दिसतं, वाहिलेलं दिसत नाही. फोकस ज्या खडकावर लाट फुटते त्याच्यावर आधीच धरून ठेवा. काळ्या ढगापुढचा पांढरा फेस कॅमेऱ्याला फसवतो. तो ढग उजळवायला जातो आणि फेस जाळतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). काळा ढग काळाच दिसला पाहिजे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. होड्या वर ओढून, झावळ्यांनी आणि ताडपत्रीने शाकारलेल्या. समुद्र खवळलेला आणि पुढ्यात झाकलेली होडी, हा माझ्या मते कोकणातल्या पावसाळ्याचा सगळ्यात खरा फोटो, आणि त्यासाठी पाण्याजवळ जावंच लागत नाही.

घाटात, ढगाच्या आत

घाटात पहिला नियम मोडतो, इथे आपण ढगाच्या आतच असतो. त्यामुळे मोठं दृश्य विसरा आणि धुकं फाटायची वाट बघा. आंबोलीत, माळशेजला, ताम्हिणीत वीस मिनिटं काहीच दिसत नाही आणि मग चाळीस सेकंदांसाठी अख्खी दरी उघडते. तोपर्यंत सगळं तयार हवं.

पावसाच्या रेघा फोटोत याव्यात असं वाटत असेल तर मागे गडद काहीतरी हवं, झाडी किंवा ओला कातळ, आणि उजेड समोरून किंवा बाजूने. शटर १/६० ते १/१२५. पांढऱ्या आभाळापुढे पाऊस दिसत नाही, कितीही कोसळू दे.

वाऱ्याचा फोटो कसा काढायचा, असं विचारतात. नाणेघाटात किंवा पाटणजवळच्या सडावाघापूरला जा. पावसाळी वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि धबधब्याचं पाणी खाली पडायच्या आत उलटं वर उडवतो. बाजूने, गडद कातळ मागे धरून, १/५०० वर टिपा. कड्यापासून लांब. तो वारा पाणी उचलतो तसा छत्रीसकट माणसालाही हलवतो. आणि जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश असेल तर तो तुमच्यासाठीही आहे, गळ्यात कॅमेरा असला तरी.

चक्रीवादळ

अरबी समुद्रात मान्सूनच्या आधी मे-जूनमध्ये आणि नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळं होतात. नोव्हेंबर २००९ मधलं फयान, ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग, मे २०२१ मधलं तौक्ते ही आपल्या आठवणीतली. हवामान विभागाच्या वर्गवारीत ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ सुरू होतं. निसर्ग जमिनीवर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० होता. त्या वाऱ्यात पत्रा उडतो तो सुरीसारखा. नवख्याने काय, जाणत्यानेही त्यात बाहेर पडू नये.

पण चक्रीवादळाचे चांगले फोटो आदल्या दिवशीच मिळतात. वादळ तीनशे-चारशे किलोमीटर दूर असताना वरच्या आभाळात पिसांसारखे ढग एका दिशेने पंख्यासारखे पसरतात आणि सूर्यास्त विलक्षण तांबडा होऊ शकतो. लोक होड्या वर ओढत असतात, दुकानांच्या पाट्या उतरवत असतात, कौलांवर दोर आवळत असतात. तेवढं टिपायचं आणि अंधाराआधी घर गाठायचं. वादळ मध्येच एकदम शांत झालं तरी बाहेर येऊ नये. तो डोळा असू शकतो, आणि त्याच्यानंतर वारा उलट्या दिशेने सुटतो.

नंतरचे दिवस वेगळे. निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दापोलीच्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा उभी राहून धरायला वर्षं जातात. ज्याची बाग गेली त्याच्या अंगणात कॅमेरा काढण्याआधी विचारा. नको म्हणाले तर कॅमेरा ठेवून दोन फांद्या उचलायला हात लावा.

भिजलेलं सामान

महागडं रेनकव्हर लागत नाही. जाड प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सच्या टोकाला रबर, मागून हात घालायला मोकळी. हॉटेलात मिळणारी आंघोळीची टोपी कॅमेऱ्यावर छान बसते. छत्री वाऱ्यात शीड होते, तिचा भरवसा नको. एसी गाडीतून थेट बाहेर काढलेली लेन्स धुक्याने भरते आणि पुसली तरी पुन्हा भरते. पोहोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा खाली करा.

समुद्राचा फवारा उडाला तर कोरड्या कापडाने पुसू नका. मी रत्नागिरीला शर्टाच्या टोकाने पुसली होती, मिठाचे कण फिल्टरवर गोल गोल फिरले आणि त्या रेघा अजून आहेत. आधी गोड्या पाण्यात किंचित ओलावलेलं मऊ कापड, मग कोरडं. ट्रायपॉडचे पाय उघडून धुवायचे, नाहीतर पुढच्या वेळी सांधे कुरकुरतात.

खरी शत्रू बुरशी. पावसाळ्यात बॅगेतच राहिलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू उगवतात, आणि ते काढायचा खर्च कधीकधी लेन्सच्या किमतीला जाऊन भिडतो. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवा. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायचा सल्ला देणारे काका प्रत्येक घरात असतात. तांदळाची पिठी लेन्सच्या रिंगमध्ये जाते, त्यांना हो म्हणा आणि सिलिका जेल आणा.

फोटोंसोबत त्या दिवसाच्या रडारचा स्क्रीनशॉटही त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि चार ओळी लिहा. पुढच्या वर्षी तेच कामाला येतं. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: “दिवे घाट, संध्याकाळचे ५.४०, ढग ईशान्येला, रडारवर पन्नास, सरकतोय उत्तरेला. वीस मिनिटांत तीन विजा, तिन्ही चौकटीबाहेर. भजी चांगली होती.”